थांबता येणारा उत्प्रेरक

दौंड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे दोन तालुके उसावर उभे आहेत. भीमा, मुळा-मुठा, घोड आणि कुकडीच्या काठांनी आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस पसरत गेला. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी कारखाने निघाले, आणि पुढे आलेगाव, पाटेठाण, जातेगाव, रावडेवाडी इथे खासगी कारखाने आले. गेल्या दहा वर्षांत साखरेइतकेच इथेनॉलही या धंद्याच्या हिशेबात महत्त्वाचे झाले आहे. मळी किंवा उसाचा रस बंद टाकीत यीस्ट घालून आंबवला, की साखरेतला निम्म्याहून थोडा जास्त भाग अल्कोहोल होतो आणि बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. १८० ग्रॅम ग्लुकोजचे ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, हे प्रमाण कोणत्याही यंत्राने बदलत नाही. म्हणजे एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो वायू, आणि रोज ६० हजार लिटर काढणाऱ्या आसवनीमागे दिवसाला ४५ टन. फर्मेंटरच्या झाकणावरून एक जाड नळी निघते, वाटेत पाण्याच्या फवाऱ्याखालून जाते, तिथे वायूबरोबर आलेला अल्कोहोलचा अंश पाण्यात उतरतो आणि परत मिळवला जातो, मग उरलेला वायू वर सोडला जातो. तो हवेपेक्षा जड असल्याने रिकाम्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी हवा खेळवावी लागते ती त्यासाठीच. काही कारखाने हा वायू शीतपेयांसाठी किंवा सुक्या बर्फासाठी विकतात, पण ती बाजारपेठ लहान आहे. बहुतेक वायू हवेतच जातो.

याच वायूचे विजेच्या साहाय्याने उपयोगी रसायन करता येते, आणि ते करून देणाऱ्या, म्हणजे उत्प्रेरक ठरणाऱ्या, मिश्रधातूंवर जगभर जोरात संशोधन चालू आहे. तांबे-चांदी, तांबे-जस्त, तांबे-कथील, तांबे-ॲल्युमिनियम, तांबे-पॅलेडियम, तांबे-बिस्मथ अशा जोड्या करून पाहिल्या जात आहेत, आणि आपल्या आयआयटींमधूनही पाच-पाच धातू एकत्र केलेल्या मिश्रधातूंवर काम प्रसिद्ध झाले आहे. हे काम मोलाचे आहे. मात्र या मिश्रधातूंची परीक्षा ज्या कसोट्यांवर घेतली जाते त्या आपल्या परिस्थितीतून आलेल्या नाहीत. दौंड-शिरूरसारख्या भागात उपयोगी पडायचा तर उत्प्रेरकाकडे एक गुण आधी हवा: त्याला रोज थांबता आले पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी न बिघडता पुन्हा सुरू होता आले पाहिजे. हा गुण नसेल तर बाकीचे आकडे कितीही चांगले असोत, ते तंत्रज्ञान इथे एक तर तोट्यात जाईल किंवा कुणाच्या तरी हक्काची वीज मागेल.

हे पटण्यासाठी आधी मिश्रधातू मुळात लागतो कशाला, हे पाहिले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हा अतिशय स्थिर रेणू आहे. पाण्यात बुडवलेल्या धातूच्या पृष्ठभागावर त्याला इलेक्ट्रॉन देऊन बदलता येते, पण त्यातून काय निघेल हे धातूवर ठरते. सोने, चांदी आणि जस्त यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड निघतो. कथील, शिसे, इंडियम, बिस्मथ यांच्यावर फॉर्मेट, म्हणजे फॉर्मिक ॲसिडचे क्षाररूप. प्लॅटिनम, लोखंड, निकेल यांच्यावर नुसता हायड्रोजन, कारण तिथे पाण्याचे विघटनच आधी होते. तांबे या सगळ्यांत वेगळे निघाले. जपानमधले योशिओ होरी आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये दाखवले, की तांब्याच्या कॅथोडवर, म्हणजे ऋण टोकावर, कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन आणि एथिलीनसारखे हायड्रोकार्बन मिळतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने तांब्यावर तयार होणारे १६ वेगवेगळे पदार्थ मोजले. तांब्याची ताकद आणि त्याची अडचण दोन्ही या १६ आकड्यात आहेत. एकाच भांड्यात १६ पदार्थ तयार होणे हे शास्त्रज्ञाला आनंदाचे असते, पण कारखान्याला ते सगळे वेगळे करत बसावे लागते आणि त्या वेगळे करण्यालाही ऊर्जा लागते.

शुद्ध धातूला या बाबतीत एक मर्यादा आहे. कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर एका उडीत होत नाही. वाटेत अनेक अर्धवट अवस्था येतात आणि प्रत्येक अवस्था धातूला कमी-अधिक घट्ट चिकटते. पकड सैल असेल तर रेणू काम होण्याआधीच सुटून जातो, घट्ट असेल तर तिथेच बसून राहतो आणि जागा अडवतो. शुद्ध धातूत एका अवस्थेची पकड बदलली की दुसरीची पकडही जवळजवळ त्याच प्रमाणात बदलते. एक सैल आणि दुसरी घट्ट, अशी निवड करता येत नाही. शास्त्रज्ञ येन्स नॉर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० नंतर ही गोष्ट गणनेने स्पष्ट केली. मिश्रधातू हे बंधन सैल करतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर दोन स्वभावांचे अणू शेजारी-शेजारी असतात. चांदीच्या अणूवर तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड शेजारच्या तांब्यावर सरकतो आणि तिथे पुढची साखळी जोडली जाते. अणूंची मांडणीही तितकीच महत्त्वाची असते. तांबे आणि पॅलेडियम एकाआड एक नीट बसवले तर एक कार्बनचे पदार्थ जास्त मिळतात, आणि दोन्ही धातूंचे वेगवेगळे पुंजके शेजारी ठेवले तर दोन कार्बनचे. तांब्याच्या कणांवर कथिलाच्या ऑक्साइडचा थर दिला तेव्हा आणखी नवलाची गोष्ट दिसली. थर ०.८ नॅनोमीटरचा असताना मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मिळाला, तर १.८ नॅनोमीटरला फॉर्मेट. एका नॅनोमीटरच्या फरकाने कारखान्याचा मालच बदलतो, इतके हे काम नाजूक आहे.

हा नाजूकपणाच पुढच्या अडचणीचे मूळ आहे. २०२० मध्ये टोरांटो आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांच्या गटांनी संगणकाच्या मदतीने हजारो शक्यतांमधून तांबे-ॲल्युमिनियमची जोडी निवडली. तिच्यावर खर्च झालेल्या विजेपैकी ८० टक्के वीज एथिलीन बनवण्यात गेली, तीही उद्योगाला शोभेल अशा वेगाने. कामगिरी मोठी होती. पण असे आकडे बहुधा एका सलग प्रयोगाचे असतात. प्रयोगशाळेतला वीजपुरवठा स्थिर, वायू सिलिंडरमधला, पाणी अतिशुद्ध. काही तास, फार तर काही शे तास प्रयोग चालतो, आणि आलेख वर गेला की शोधनिबंध तयार होतो. उद्योगातले इलेक्ट्रोलायझर, उदाहरणार्थ मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारे, वर्षानुवर्षे चालतात. नुसते जास्त तास टिकणे ही अडचणीची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी, की वीज चालू असेपर्यंत कॅथोडला एक प्रकारचे संरक्षण असते. वीज बंद होताच ते जाते, तांबे ऑक्सिडाइज होऊ लागते, थोडे द्रावणात विरघळते आणि पुन्हा वीज आली की भलत्याच ठिकाणी, मोठ्या गुठळ्यांच्या रूपात बसते. दोन धातूंपैकी ज्याला लवकर विरघळायची सवय तो आधी निघून जातो. ॲल्युमिनियम आणि जस्त यांत पुढे असतात. काही दिवसांनी मिश्रधातू म्हणून सुरू केलेली वस्तू प्रत्यक्षात खडबडीत तांबे होऊन बसलेली असते, आणि ते १६ पदार्थ पुन्हा दिसू लागतात.

याच्या जोडीला क्षार साचतात. आधुनिक इलेक्ट्रोलायझरमध्ये कॅथोड हा कार्बनच्या सच्छिद्र कागदावर दिलेला उत्प्रेरकाचा पातळ थर असतो. मागून वायू येतो, पुढे पोटॅशियमचे क्षार असलेले द्रावण असते आणि दोघांची गाठ त्या छिद्रांत पडते. अभिक्रियेत तिथे अल्कली तयार होते. ती येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचाच एक वाटा धरून त्याचे कार्बोनेट करते, आणि ते छिद्रांत पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात जमते. साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर जमतो आणि ठरावीक दिवसांनी गाळप थांबवून नळ्या साफ कराव्या लागतात. हे दुखणे त्याच जातीचे आहे, फरक इतकाच, की इथली छिद्रे केसाहून बारीक असतात आणि घासून साफ होत नाहीत. शिवाय या कार्बोनेटमुळे मालही वाया जातो. नेहमीच्या रचनेत दोन इलेक्ट्रॉनच्या पदार्थांसाठी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मेटसाठी, येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा जास्तीत जास्त निम्मा भाग कामी येतो, आणि बारा इलेक्ट्रॉनच्या एथिलीनसाठी एक चतुर्थांशच. आम्लयुक्त द्रावण वापरून ही गळती कमी करता येते. त्या दिशेने काम चालू आहे आणि ते व्हायला हवे.

आता विजेचा हिशेब. तो सोडून या विषयावर बोलणे हा वाचकावर अन्याय होईल. एक टन फॉर्मिक ॲसिडसाठी जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड लागतो. साडेतीन व्होल्टवर चालणारा संच आणि ९० टक्के वीज नेमक्या कामात जाते असे धरले, तर टनामागे सुमारे साडेचार हजार युनिट लागतात. भारताच्या ग्रिडमधली वीज सरासरीने युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून तयार होते. म्हणजे ग्रिडच्या विजेवर हा संच चालवला तर एक टन वायू वापरण्यासाठी तीन टनांहून जास्त वायू कोळशाच्या चुलीतून बाहेर जाईल. एथिलीनचे गणित आणखी वाईट आहे. त्याच व्होल्टेजवर, विजेचा एक कणही वाया न जाता, टनामागे ४० हजार युनिट, खर्च होणारा वायू तीन टनांहून थोडा जास्त आणि ग्रिडमार्गे बाहेर पडणारा २८ टन. कोळशाच्या विजेवर कार्बन डायऑक्साइडचे रसायन करणे म्हणजे प्रदूषण वाढवण्यासाठी पैसे मोजणे आहे. कोणताही मिश्रधातू हे बदलू शकत नाही, कारण लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या उत्प्रेरकाच्या हातात नसते. तेव्हा वीज सौर किंवा पवनाची हवी, आणि सूर्याची वीज संध्याकाळी थांबते. उत्प्रेरकाला थांबता आले पाहिजे हा आग्रह इथून येतो.

दिवसाला साडेचार हजार युनिट ही आपल्याकडच्या एक मेगावॉट सौर प्रकल्पाची साधारण कमाई आहे. म्हणून ढोबळ हिशेब सोपा होतो: एक मेगावॉट, एक दिवस, एक टन फॉर्मिक ॲसिड. साठ हजार लिटरच्या आसवनीचा सगळा वायू वापरायचा म्हटले तर ५० मेगावॉट आणि दोनशे एकरांहून अधिक जमीन लागेल. हे आज कोणी सुचवू नये. पण वायूचा दहावा हिस्सा घेतला तर पाच मेगावॉट आणि वीस-पंचवीस एकरांत भागते. पाटाचे पाणी न पोहोचलेली एवढी माळरानाची जमीन दोन्ही तालुक्यांत मिळू शकते. दिवसा निघणारा वायूच एवढ्याला पुरतो, त्यामुळे रात्रीचा वायू साठवायची यंत्रणा लागत नाही. मळी साठवून ठेवता येत असल्याने गळीत हंगाम संपल्यावरही आसवनी पुढे काही महिने चालते, आणि उन्हाळ्याचे कडक ऊन त्याच काळात असते.

पदार्थ कोणता, याची निवडही यावरच ठरते. शोधनिबंधांत एथिलीन आणि इथेनॉलला मान जास्त आहे, कारण ते अवघड आहेत. आसवनीच्या दारात इथेनॉल बनवण्यासाठी बारा इलेक्ट्रॉन खर्च करणे मला अजिबात पटत नाही. जे काम उसाने सूर्यप्रकाशावर करून ठेवले आहे ते विजेने पुन्हा कशाला करायचे? कार्बन मोनॉक्साइडला रसायन उद्योगात चांगली मागणी आहे. तो डायमिथाइलअमाइनबरोबर वापरला की डीएमएफ हे द्रावक मिळते, आणि हायड्रोजनबरोबर मिथेनॉल. दौंड तालुक्यातच कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे, अल्किल अमाइन्ससारखी कंपनी तिथे अमाइन बनवते. पण कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि जीवघेणा वायू आहे. कुरकुंभच्या आसपासची गावे रासायनिक वसाहतीच्या प्रदूषणाच्या तक्रारी वर्षानुवर्षे करत आली आहेत. तिथल्या लोकांना आणखी एका विषारी वायूच्या नळ्यांशेजारी राहायला सांगण्याआधी दहा वेळा विचार व्हायला हवा. फॉर्मिक ॲसिड जहाल आहे, त्वचा जाळते, पण ते द्रव आहे. पिंपात भरता येते, थांबवून ठेवता येते, गळती झाली तर उग्र वासाने लगेच कळते. कातडी कमावण्यात आणि कापड उद्योगात ते लागते, केरळात रबराचा चीक गोठवायला लागते, युरोपात मुरघास टिकवायला वापरतात. मुरघासाचा वापर आपल्या दुग्धपट्ट्यातही वाढला आहे. दोन इलेक्ट्रॉनांचा हा साधा पदार्थ आहे, आणि म्हणूनच सुरुवात त्याच्यापासून व्हावी. अर्थात संचातून बाहेर येते ते पातळ फॉर्मेट, त्याचे दाट ॲसिड करायला उष्णता लागते. साखर कारखान्याजवळ वाफ असते, हा इथला फायदा आहे, पण तीही फुकट मिळते असे धरू नये.

देशात कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या चर्चेत नजर नेहमी मोठ्या चिमणीकडे असते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात वीज, पोलाद आणि सिमेंट यांना प्राधान्य आहे. एनटीपीसीने विंध्याचलला रोज २० टन वायू पकडून त्याचे मिथेनॉल करण्याचा प्रकल्प उभारला आहे. मोठे उत्सर्जन तिथे आहे, हे खरे. पण कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्केच असतो आणि सोबत गंधकाची व नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. वायू वेगळा करण्यातच मोठी ऊर्जा जाते. आसवनीतला वायू पाण्याने धुतल्यावर जवळजवळ शुद्ध असतो. विजेवर चालणाऱ्या उत्प्रेरकाला हवा असतो तसाच. तरीही इथला वायू मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या अमेरिकेतल्या आसवनीसारखा समजू नये. आपले बहुसंख्य कारखाने गंधकाचा धूर देऊन रस साफ करतात. ते गंधक काही प्रमाणात मळीत येते, आणि मळीतून फर्मेंटरमध्ये. तांब्याला गंधक लागले की पृष्ठभागावर सल्फाइड तयार होते. गंधकाच्या डायऑक्साइडचा अगदी थोडा अंश मुद्दाम मिसळून केलेल्या प्रयोगांत तांब्यावर एथिलीन कमी झाले आणि फॉर्मेट वाढले, आणि वायू स्वच्छ केल्यावरही ते पूर्ववत झाले नाही. चांदी आणि कथील मात्र सावरले. यातून दोन गोष्टी निघतात. सिलिंडरच्या वायूवर उत्तम ठरलेला उत्प्रेरक दौंडच्या मळीवर तसाच वागेल हे गृहीत धरता येत नाही. आणि इथला दोष ज्या दिशेने ओढतो त्याच दिशेचा पदार्थ, म्हणजे फॉर्मेट, आपण निवडला तर दोषाशी भांडण्यात शक्ती कमी जाते. कथील किंवा बिस्मथ मिसळलेले तांबे इथे जास्त भरवशाचे वाटते ते यामुळे.

एक आक्षेप असा, की उसाच्या किण्वनातला कार्बन हवेतूनच आलेला असतो, तो परत हवेत गेला तर बिघडते काय? बिघडत काहीच नाही, पण तो वापरला तर लाभ होतो. कोळशाच्या धुरातल्या कार्बनचे इंधन करून ते जाळले तर तो जमिनीतला कार्बन शेवटी हवेत जातोच, फक्त एका थांब्याने उशिरा. उसातल्या कार्बनचे रसायन केले आणि त्यामुळे नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून केलेले रसायन कमी लागले, तर तेवढा जमिनीतला कार्बन जमिनीतच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हिरवा हायड्रोजन बनवून त्याची कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करून मिथेनॉल करणे हा जुना, चालता मार्ग असताना नवे मिश्रधातू हवेतच कशाला? तांबे-जस्त-ॲल्युमिनाचा मिथेनॉल उत्प्रेरक १९६६ पासून उद्योगात आहे, आइसलँडमध्ये २०१२ पासून भूऔष्णिक विजेवर असे मिथेनॉल बनले आहे. मोठ्या प्रमाणासाठी तोच मार्ग योग्य ठरेल असे मलाही वाटते. पण तो प्रकल्प अडीचशे अंश तापमान आणि ५० ते १०० पट वातावरणीय दाब मागतो. रोज संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू करण्याजोगा तो नाही, आणि लहान आकारात परवडत नाही. खोलीच्या तापमानाच्या आसपास चालणारा, बटणावर थांबणारा संच ही विद्युत-रासायनिक मार्गाची स्वतःची जागा आहे. तो थांबू शकत नसेल तर ही जागाही त्याला उरत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न विजेवरच्या हक्काचा आहे. शिरूरच्या बेट भागात, घोड आणि कुकडीच्या मधल्या गावांत, बिबट्याच्या भीतीने रात्री शेतात जाणे जिवावर बेतते, माणसे मेली आहेत. उसाच्या फडात बिबट्या पिल्ले घालतो आणि शेतकऱ्याला थ्री फेज लाइट पाळीपाळीने रात्रीचीही येते. दिवसा वीज द्या ही तिथली मागणी जीव वाचवण्याची मागणी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून कृषी फीडर सौर विजेवर आणण्याचे काम चालू आहे, आणि ते पूर्ण होण्याआधी त्याच परिसरात सौर वीज रसायनासाठी राखून ठेवणे कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय ठरत नाही. म्हणून अशा संचाची जागा रांगेत शेवटची असावी. पंपांची गरज भागल्यावर, पावसाळ्यात पंप बंद असताना, दुपारी वीज जास्त होऊन दर पडलेले असताना तो चालावा, आणि फीडरवर ताण आला की सर्वांत आधी बंद व्हावा. ज्या उत्प्रेरकाला अखंड वीज लागते तो कारखान्याच्या वजनाने ती मिळवील आणि शेतकरी रात्रीच्या पाळीवरच राहील. धातूच्या पृष्ठभागावरचा एक गुण इथे गावातल्या न्यायाचा प्रश्न होतो, तो असा.

उसाच्या पाण्याचा आक्षेपही खरा आहे. दौंड आणि शिरूरचा पूर्वभाग अवर्षणप्रवण आहे, आणि चासकमान, घोड, खडकवासला या धरणांच्या पाण्याच्या आवर्तनांवर दरवर्षी वाद होतात. वायू विकून पैसे मिळतात म्हणून ऊस वाढवणे हा घात होईल. नव्या आसवनीला परवानगी देताना वायूच्या कमाईचा मुद्दा विचारातही घेऊ नये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध आणले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये काढले. असा धोरणाचा झोका लक्षात घेता कारखान्यानेही यावर विसंबू नये. सुदैवाने हे संच कंटेनरएवढे करता येतात आणि हलवता येतात. प्रेसमड आणि शेणापासून बायोगॅस करणाऱ्या प्रकल्पांत मिथेन वेगळा काढल्यावर बराच कार्बन डायऑक्साइड उरतो. ऊस कमी झाला तरी दुभती जनावरे राहतील, आणि संच तिकडे नेता येईल.

राहिला धोका कोणी घ्यायचा हा प्रश्न. सहकारी कारखान्यांची आजची अवस्था पाहता त्यांच्यावर प्रयोगाचा भार टाकता येणार नाही. पाटसचा भीमा काही हंगाम बंद राहून भाडेतत्त्वावर सुरू झाला, घोडगंगाही अलीकडे बंद राहिला. सभासदांच्या ऊसबिलाचे पैसे आधी. पण याच भागाने दुसऱ्याच्या खर्चाने झालेला प्रयोग पाहिलेला आहे: राहूजवळ प्राज कंपनीचा शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथून काही तासांच्या अंतरावर आहे. आयआयटी मुंबईत केंद्राच्या मदतीने कार्बन पकडणे आणि वापरणे यासाठी राष्ट्रीय केंद्र २०२२ मध्ये स्थापन झाले. सार्वजनिक पैशातून एक लहान संच एका चालू आसवनीच्या स्क्रबरला, म्हणजे वायू धुणाऱ्या फवाऱ्याच्या नळीला, जोडावा. कारखान्याने वायू, जागा आणि वाफ द्यावी, बाकी खर्च संस्थेने करावा. सिलिंडर वापरू नये. वीज थेट सौर पट्ट्यांची असावी, ढग आला की कमी होणारी. एक पूर्ण वर्ष, गळीत हंगाम, उन्हाळा आणि पावसाळा मिळून, संच रोज बंद-सुरू करावा, आणि देशातल्या ज्या ज्या गटाने तांबे-कथील, तांबे-बिस्मथ किंवा आणखी काही तयार केले असेल त्याचा थर तिथे लावून पाहावा. नोंद ठेवायची ती पहिल्या दिवसाच्या उच्चांकाची नको. शंभराव्या आणि तीनशेव्या सकाळी फॉर्मेट किती टक्के राहिले, कोणता धातू द्रावणात किती उतरला, वायूतले गंधक किती होते, आणि टनामागे एकूण युनिट किती लागले, ॲसिड दाट करण्याच्या वाफेसह, हे चार आकडे दर महिन्याला मराठीत छापून कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीत लावावेत.